भिंतीतल्या म्हातारीचं लायसन्स

—नाही हो, तिथे नको, त्या खुर्चीचा पाय डुगडुगतो. इकडे बसा. नवरा? तो नाहीये. म्हणजे आहे, आतल्या खोलीत आहे, पण तुमच्यासाठी नाहीये – ताईंच्या कंपनीचा वकील येणार म्हटल्यावर कानात गाणी घालून बसलाय. सख्ख्या बहिणीच्या वकिलाला तोंड दाखवायचं नाही म्हणे. राहू दे. तुम्हाला तरी त्याची सही कुठे हवीय? माझी हवीय. वाचलाय मी तुमचा करारनामा. वाचूनच दमले.

तुम्ही खेळलायत का हो हा राक्षसांचा खेळ कधी? नाही ना? मग सांगते, नाहीतर वाटेल ही बाई भुताखेतांचं काय घेऊन बसलीय. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात – कुणी चोर, कुणी शिपाई, कुणी जादूगार – फासे टाकायचे आणि जगायचं नाहीतर मरायचं. वाटेत राक्षस आडवे येतात. कुणाची ताकद किती, कोण कशाला घाबरतो, हे डोक्यात कुठवर ठेवणार? म्हणून सॉफ्टवेअर. ते या बहीणभावांनी मिळून केलं, याच घरात. मग भांडले. कशावरून? आज विचारलंत तर दोघांनाही धड सांगता येणार नाही. ताई बाहेर पडल्या, स्वतःचं वेगळं सॉफ्टवेअर काढलं, आणि जाताना राक्षसांची सगळी फाइल कॉपी करून नेली. चोरी नाही हं ती – आमच्या लायसन्समध्येच होतं, कुणीही घ्या, वापरा, फक्त लिहिणाऱ्याचं नाव द्या. ताईंनी नाव दिलं नाही. तेवढ्यावरून नवरा अजून धुमसतोय – ‘आपलं नाव गाळलं तिने, आपलं!’ आपलं म्हणजे त्याचं. त्याने तरी कुठे – जाऊ दे.

तर आता हा खेळ मुळात ज्या कंपनीचा, तिने आपलं लायसन्स बदललं. ‘आमचे राक्षस दुसऱ्या कुणाच्याही सॉफ्टवेअरमध्ये चालणार नाहीत’ म्हणाली, आणि दोघांची दुकानं एका फटक्यात रिकामी झाली. उरले ते घरी लिहिलेले राक्षस, फाइलमधले. मग ते कुणाचे, याची शोधाशोध. तुम्हीच ना ताईंना सांगितलंत, की लिहिलेत वहिनींनी, हक्क वहिनींचा, भावाची परवानगी किंवा सही चालणार नाही? त्याचं तोंड बघायला हवं होतं तुम्ही. म्हणतो, ‘तू लिहिलेस, पण आपल्यासाठी लिहिलेस ना?’ हो रे बाबा, तुझ्यासाठीच. मग तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये माझं नाव कुठेय? – नाही, हे बोलले नाही मी त्याला. तुमच्याशीच बोलतेय. का बोलतेय कोण जाणे.

कधी लिहिले? सासूबाई शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हा. हे दोघं बाहेर कोड लिहीत, मी आत उशाशी. त्यांना झोप लागायची नाही, मलाही मग नाही, म्हणून लिहायला घेतलं. तुमच्या यादीत बघा, ‘भिंतीतली म्हातारी’ आहे. चष्मा कपाळावर, आणि ही सगळीकडे चाचपडत तो शोधतेय. येईल त्याला विचारते, जेवलास का. नाही म्हटलं तर सोडत नाही, हो म्हटलं तर विश्वास ठेवत नाही, मनगट धरून बसवून घेते. सासूबाईच हो त्या! दुसरं कोण? पण पोटच्या पोरांना कळलं नाही. नवरा वाचून म्हणाला, ‘झकास जमलीय, पण ताकद कमी ठेव, उगाच खेळ अडतो.’ ठेवली कमी. एका घावात मरेल एवढीच. लोक मारून पुढे जातात. आणि हे तिकडे सांगू नका हं ताईंना – वकील आहात, पोटात ठेवाल म्हणून बोलले.

द्या ती यादी इकडे. ही तुमच्या सॉफ्टवेअरमधली ना? थांबा – हे चुकलंय. ताकदीच्या रकान्यात आकडाच नाही. ‘मारता येत नाही’? आमच्याकडे नाही असं. कुणी घातलं हे?

ताईंनी? स्वतः?

कधी पण? – म्हणजे इथून गेल्या तेव्हाच. फाइल नेली आणि पहिलं हेच केलं? आणि मग कुणी बदललं नाही? ... बदलू दिलं नाही. खेळणारे तक्रार करतात, तरीही? काय म्हणतात त्या? ... नुसतंच ‘राहू दे तिला’?

नाही, पाणी नको. ठीक आहे मी. इतकी वर्षं मला वाटत होतं, तिला कुणी ओळखलंच नाही – नाही, काही नाही. पेन द्या.

पण हे कलम खोडा आधी. ‘फक्त ताईंच्या कंपनीला’ – हे नको. दोघांनाही. आणि एकाकडे अर्धवट ठेवलेला डाव दुसऱ्याकडे सरळ उघडायला हवा. खेळणाऱ्यांनी काय पाप केलंय, या दोघांच्या भांडणात त्यांचा अर्धा डाव का अडकावा? लिहा ते. नाव माझं, दोन्हीकडे. तुमच्याकडचं तुम्ही बघा, इथलं मी बघते. आणि म्हातारी जाईल ती ताईंची, न मरणारी. इथेसुद्धा तीच. चिडेल तो? चिडू दे. ताईंनी म्हातारीपुढे काय लिहिलंय ते त्याला वाचून दाखवीन, मग बघू किती वेळ चिडतो ते.

झालं? इथेच ना सही? ही घ्या.

निरोप? नाही हो, निरोप काय द्यायचा मी. ताईंना वाटलं तर येतील, घर काही हललेलं नाही. तुम्ही निघा आता, खरंच. मला जरा बसू दे.