विल्फची काडतुसं

लिंकनशायरमधल्या त्या गावात पोलिसांनी अख्खी गल्ली रिकामी करून सभागृहात आणून बसवली होती. हेटीने बाळाची गाडी दाराजवळच ठेवली. ज्यांच्या घरामुळे हे सगळं झालं, ते विल्फ आणि बेरिल तिच्या पुढ्यातच चहा पीत होते.

“मीटरवाल्याला दिवाणखान्यात कशाला नेलंस?”

“मीटर तिथेच आहे, विल्फ.”

“मेल्याने विमानाच्या तोफेची काडतुसं पाहिली आणि केला पोलिसांना फोन! चाळीस वर्षं जमवतोय मी. सगळी रिकामी.”

“हे त्या बॉम्बवाल्यांना सांग.”

“सांगायचं काय त्यात? प्रत्येकाला भोक पाडून दारू काढलीय. भोक दिसलं की काडतूस रिकामं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. नाही दिसलं तर मात्र शेतात नेऊन उडवतात.”

“सगळीच?”

“सगळीच. चहा सांडतेयस तू.”

“विल्फ, रविवारी तुझ्या वाढदिवसाला मी ती चकचकीत करून दिली ना?”

“हो गं. डोळे इतके भरून आले, की धड दिसलंसुद्धा नाही.”

“त्या भोकांत धूळ साठायची रे.”

“मग?”

“मग लांबी भरली. वरून पितळी रंग मारला.”

“किती भोकं बुजवलीस?”

“अर्धवट काम मला आवडत नाही, ठाऊक आहे तुला.”

आता विल्फच्या तोंडून काय बाहेर पडेल, या धास्तीने हेटीने बाळाचे कान झाकले. पण आवाज आला तो शेताकडून. खिडक्या थरथरल्या.

“बघ,” बेरिल म्हणाली, “त्यांनासुद्धा ओळखू आलं नाही.”