नमुन्याचं पाणी

चौसाळ्याच्या थांब्यावर मंगल एसटीची वाट बघत होती. शेजारच्या नवराबायकोच्या बोलण्यात विहीर अन् डिझेल एकदमच आलं, तसा तिनं मोबाईल पिशवीत टाकला. दुसऱ्याच्या संसाराचा जमाखर्च तिला फुकटात ऐकायला आवडे.

"साहेब दुपारी येतोय. पाण्याचा नमुना घ्यायला."

"येऊ द्या की. काल समदी ईहीर उपसून घेतली म्या."

"काय केलं?"

"मोटार लावून तळ गाठला. दगडंबी घासली. साहेब येणार अन् पाण्यावर डिझेलचा तवंग? लोक काय म्हनतील!"

"अगं, त्यो तवंगच बघाया येतोय!"

"शाळा तपासायला साहेब आलता, तवा साऱ्या गावानं झाडून काढलंतं."

"पेट्रोल पंपवाला म्हनतोय, आमची डिझेलची टाकी गळत न्हाई. आता साहेब निर्मळ पानी नेणार, अन् आपुन जलमभर डोक्यावर हंडे वाहणार!"

"कावून वरडताव?"

"बाटलीभर डिझेल आणून वततो आत."

"त्याच्याच पंपावरनं? इतके दिस त्यानं फुकट घातलं, आता इकत घालताव व्हय? टाकी गळतीय ती काय काल थांबली? पाझरलं आसंल रात्रीतून. घरी संस्कृतीला फोन लावा, वास घे म्हनावं."

"हॅलो, संस्कृती? ईहिरीवर जाऊन वास घे बरं, बाळा... येतोय? लई? अगं, येतोय म्हनती! पोरीला मळमळाया लागलंय!"

"पावला गं माय देव!"