माणसं मच की मेनी

शुद्धलेखनाला हसू नका, शब्दही साधेच आहेत, शाळा मी लवकर सोडली. पण तुम्हीच सांगा, एकाच ताटातला राजमा मोजता येतो आणि भात मोजता येत नाही, अशी भाषा माणसाने शिकायची कशी?

इंग्रजीत राजमा मेनी, भात मच. हे मला यानेलिसने शिकवलं. लास गालेरासच्या किनाऱ्यावर आमच्या मालकीणबाईंची, दोन्या एदुविहेसची खानावळ आहे, तिथे ती गल्ल्यावर बसते. "विल्किन, सोपं आहे रे. मोजता येतं की नाही, एवढंच बघायचं." म्हटलं, शितं मोजता येतात की. तर म्हणाली, "तू मोजत बस, गिऱ्हाईक उठून जाईल."

आणि तुम्हाला सांगतो, मी तीन वर्षं मागच्या अंगणात माशांचे खवले काढतोय, पाहुण्यांचं तोंड पाहिलं नाही, आणि त्या संध्याकाळी दोन्या म्हणते, "आज दारात उभा राहा. जमलं तर कायमचा पुढे, नाहीतर परत मागे." मला आपल्या माणसांशी बोलताना घाम फुटतो, आणि इथे समोर परदेशी पाहुण्यांची गाडी थांबली, एक उंच बाई उतरली, मागे तिचा नवरा, त्याचे दंड माझ्या मांडीएवढे, मागे म्हातारी सासू, मागे आणखी कोण कोण उतरतच होतं... किती जण, हे विचारायचं होतं हो, एवढंच.

पण माणसं मोजता येतात की नाही? आम्हा डॉमिनिकनांच्या स्पॅनिशमध्ये 'माणसं' हा शब्दच एकवचनी, भातासारखा. म्हणजे मच. मी वाकलो आणि बाईंना विचारलं, "हाउ मच आर यू?"

 मला वाटलं, बाईंना ऐकू गेलं नाही. म्हणून मोठ्याने, वर आदबीने, "मॅडम... फॉर टुनाइट?"

नवऱ्याने चष्मा काढून बायकोच्या हातात दिला. मी आपला आदबीने हसत उभा. यानेलिस गल्ला सोडून धावत आली आणि कानात म्हणाली, "अरे, हसू नकोस, मागे सरक."

आतून दोन्या ओरडली, "काय झालं गं?"

"काही नाही दोन्या, विल्किनने भाव विचारला."

"माशाचा?"

"बाईंचा."

यानेलिसने हात जोडले, समजावलं, म्हातारी सासू तर पोट धरून हसत होती, पण नवरा काही हसला नाही. सगळे गाडीत बसले, गाडी शेजारच्या खानावळीपाशी थांबली. दोन्या माझ्याजवळ आली, अगदी शांतपणे. मला तेच जास्त लागलं.

"पोरा, माणसं मोजता येतात की नाही?"

"येतात, दोन्या."

"मग सांग, किती गेली?"

"अकरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी सांगायच्या आत मी मागे जाऊन सुरीला धार लावली. यानेलिस कॉफी घेऊन आली, माशांच्या टोपलीशेजारी टेकली. मग मीच विचारलं, "एका माशाला इंग्रजीत काय म्हणतात?"

"फिश."

"आणि या टोपलीभर माशांना?"

"तेही फिशच."

म्हटलं, मग मी इथेच बरा.