बस्त्यावच्या गाडीची खोड

मी मूळची वसईची, गास गावची, आमची केळीची वाडी होती, आणि बस्त्यावशी लग्न झालं तेव्हा तो शारजात गॅरेजला मेकॅनिक, म्हणून मी पण आले ती इथेच राहिले, एकतीस वर्षं झाली बघा. हॉटेलच्या लॉन्ड्रीत सुपरवायझर होते मी. काय सांगू तुम्हाला, नवरा कामाला वाघ, पण घरात लक्ष म्हणाल तर शून्य, कारण मला एक सवत होती, चार चाकांची.

कुणा अमेरिकन इंजिनीअरने गॅरेजला टाकून दिलेली, अडुसष्ट सालची, छप्पर उघडणारी, बॉनेट एवढं लांब की त्यावर चार माणसं जेवतील. याने ती भंगाराच्या भावात घेतली आणि दर शुक्रवारी, इकडे चर्चमध्ये आमची मिस्सा रविवारऐवजी शुक्रवारी असते ना, मिस्सा झाली की जेवून हा गाडीखाली, अशी चौदा वर्षं. मूळची काळी होती, याने रंग दिला पिवळा, पिकल्या राजेळी केळ्याचा. मी म्हटलं, अरे बाबा, हिला हळद लावलीस काय? तर आठ दिवस माझ्याशी बोलला नाही.

आणि तिला एक खोड. थंड असली की सरळ चालू व्हायची नाही. पेडल दोनदा दाबायचं, पाय काढायचा, मग एक 'आमच्या बापा' म्हणायचा, आमची रोजची प्रार्थना ती, पूर्ण, आमेनपर्यंत, आणि मगच चावी फिरवायची. प्रार्थनेने गाडी चालते असं नाही हो, पेट्रोल उतरायला तेवढा वेळ लागतो, हे त्यानेच मला सांगितलेलं. पण घड्याळ लावून तो कधी थांबला नाही.

मग गेल्या वर्षी त्याला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, नुसतं हं हं. वसईला परत जायचं ठरलं, आणि डाव्या स्टिअरिंगची गाडी तिकडे कुठे नेणार? आमची मुलगी जेनी दुबईत सिलिकॉन ओएसिसला नोकरीला, ती म्हणाली ऑनलाइन ऑक्शनला लावू. मी बस्त्यावला विचारलं, विकू का रे? त्याने डोळे मिटले आणि मान हलवली, हो म्हणून.

लग्नात निदान स्थळ तरी बघता येतं, इथे ज्याची बोली मोठी त्याची गाडी. तो घेणारा भसाभस चावी फिरवणार, नाही चालू झाली की ताडपत्री टाकून कोपऱ्यात उभी करणार, हीच एक भीती, आणि ज्याने समजावून सांगायचं त्याची वाचा गेलेली. म्हणून गाडीतले दोष लिहायच्या जागेत मी सगळं लिहायला लावलं, पेडल, पाय, प्रार्थना. जेनी ओरडली, ममा, नोबडी राइट्स दॅट! पीपल विल लाफ! म्हटलं हसू देत, तू लिही. हसलेच. खाली कॉमेंट आली, गाडीबरोबर फादर पण मिळणार का? सात दिवसांनी नव्वद हजार दिरहमवर खलास झालं, म्हणजे आपले एकवीस-बावीस लाख. जेनीचं म्हणणं, ती ओळ नसती तर अजून आले असते. असतील.

न्यायला आला तो रास अल खैमाचा म्हातारा अरब, अबू सालेम, हिंदी माझ्यापेक्षा चांगलं. बस्त्यावला मी व्हीलचेअरवर खाली आणलं होतं. अबू सालेम आधी त्याच्यापाशी गेला, त्याचा डावा हात दोन्ही हातांत धरला, उस्ताद म्हणाला. मग गाडीत बसला. मी सांगायला पुढे झाले तर मला थांबवलं, सिस्टर, सब पढ़ा है. दोनदा पेडल दाबलं, पाय काढला, आणि डोळे मिटून ओठ हलवायला लागला, त्यांच्यातली प्रार्थना, मला काय कळणार, मी आपला मनात आमच्या बापा सुरू केला. माझा संपत आला आणि मागून आवाज आला, आमेन. जड, घोगरा, पण आमेन. आजारपणानंतरचा बस्त्यावचा पहिला शब्द. आणि अबू सालेमने चावी फिरवली.

पहिल्या फटक्यात चालू झाली हो! मी तिथेच पार्किंगमध्ये भोकाड पसरलं.

आता पुढच्या महिन्यात आम्ही वसईला. अबू सालेम दर शुक्रवारी व्हिडिओ पाठवतो, छप्पर उघडं, मागे त्यांचे डोंगर. बस्त्याव मला बोटाने गप्प करतो, चावी फिरायच्या आधी आमेन म्हणतो, आणि मग इंजिन ऐकत बसतो. दुसरा शब्द अजून आलेला नाही, डॉक्टर म्हणतात येईल, इन्शाल्ला. नाही आला तरी माझी तक्रार नाही. देव त्या अबू सालेमला धडधाकट ठेवो, आणि माझ्या सवतीला पण.