गावात काढलेला उन्हाळा

लेसोथोतल्या कातरणीच्या शेडसमोर तेबेलो आपली मेंढरं घेऊन रांगेत उभा होता. त्याच्या पुढे विधवा मामेल्लो आपल्या दिराला, रामोसाला, झाडत होती.

"नुसती ओढली तरी लोकर तुटतेय, भावजी! गेल्या उन्हाळ्यात मेंढरं डोंगरावर का नाही नेलीत?"

तेबेलोने गुपचूप आपल्या मेंढीची लोकर ओढून पाहिली.

"वर थंडी, चोर. मेंढरांचे हाल होतात, वहिनी."

"मेंढरांचे की तुमचे? गावातलं उष्टं गवत खाऊन जंत झाले, खूर कुजले. कोकरं किती जगली?"

"एक."

"वा! आणि तुम्ही घोंगडं पांघरून लोळताय!"

"हळू बोला, लोक ऐकताहेत."

"ऐकू देत. यंदा तुमचीही मीच नेते. तुम्ही चूल सांभाळा."

"बाईमाणूस डोंगरावर?"

"मागच्या वर्षी माझी कोणी नेली होती?"

रामोसा खाली बघत म्हणाला, "त्या लंगड्या मेंढीला जरा सावकाश न्या."