कात्री धरली की हात थांबतो

हात थरथरतो, हे खरं आहे, मी कुठं नाही म्हणतो? पण माझ्या हातात वस्तरा थरथरतो, हे कुणी सांगितलं? पेपरानं. तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं केस कापतोय, एका कानाला ओरखडा नाही, आणि हा पत्रकार दहा मिनिटं दुकानात बसतो, माझा हात मांडीवर नाचताना बघतो आणि छापतो, 'थरथरत्या हाती वस्तरा'. अहो, हात रिकामा होता तेव्हा! माझ्या कंपवाताचं तेच तर आहे, रिकामा हात नाचतो, कात्री धरली की थांबतो. डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं, मी त्याला समजावलं, त्यानं मान हलवली... वहीत काय लिहिलं देव जाणे. आणि वस्तरा तर मी दोन वर्षांपूर्वी आपणहून पेटीत ठेवला. दाढी बंद. जोखीम नको. हेही सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात चिटपाखरू नाही. नेहमीचे मास्तर, कानावर केस आलेले, समोरच्या फुटपाथवरून चाललेले. हाक मारली. म्हणाले, "तुमच्यावर विश्वास आहे हो, पण छापून आलंय ना." सख्खा मेहुणा आला तो टोपी घालून. का, तर भाऊजी, छापून आलंय ना. आठ दिवस खुर्ची रिकामी. शेवटी मुलगा म्हणाला, "बाबा, खुर्ची विकून टाकू."

विकू? कात्री, कंगवा, कापड पिशवीत घातलं, नऊला गोळी घेतली, कारण गोळीनंतर तासाभरानं हात माझं सगळं ऐकतो, आणि दहाला पेपराच्या कचेरीत. संपादक म्हणाले, खाली बारीक अक्षरांत खुलासा देऊ. मी त्यांच्या गळ्यात कापड बांधलं. म्हटलं, हलू नका. माणूस पांढरा पडला, पण हलला नाही... हलतो कसा? वीस मिनिटांत डोकं असं केलं की सगळी कचेरी उठून बघायला आली. संपादक म्हणाले, वा आजोबा. म्हटलं, वा नको, लिहून घ्या. "आजार बरा झालेला नाही. गोळ्या चालू आहेत. कात्री चालते. वस्तरा बंद आहे." चौथी शिकलोय, वर्षाला एक याप्रमाणे चार वाक्यं. त्यांनी लिहिली, वाचून दाखवली, बरोबर होती.

सकाळी पेपर उघडला. वर हे एवढं मोठं, 'कात्री धरली अन् कंपवात पळाला!' खाली माझी चार वाक्यं, अगदी जशीच्या तशी. पण खालचं वाचतो कोण?

आता दुकान भरलेलं असतं. केस कापायला नाही, कात्री धरायला. कुणाची सासू, कुणाचे वडील. एक निवृत्त हेडक्लार्क आले, त्यांचा हात थरथरतच नाही, पाय जड आणि चाल हळू, तेही कंपवाताचंच, सगळ्यांचा सारखा नसतो. विचारतात, "मी कात्री कुठं धरू?" मी प्रत्येकाला सांगतो, बाबा रे, डॉक्टरांची गोळी वेळेवर घे, बंद करू नकोस. ते ऐकून घेतात आणि म्हणतात, पण छापून आलंय ना. मग आलेच आहेत म्हणून केस कापून पाठवतो. खुर्ची राहिली, एवढं झालं.

काल पुन्हा पिशवी भरली, म्हटलं हेही दुरुस्त करून येतो. बायकोनं पिशवी काढून घेतली. "गप बसा. दोनदा छापताना त्यांनी तुम्हाला जिवंत तरी ठेवलंय."

बसलो.