हात कानाला पोचला

मंडळी, ऐका! देवाला काय मागायचं ते नंतर मागू. आधी मीच तुम्हाला एक विचारतो. मूल बालवाडीत कधी घालावं? मुलाचं वय झालं की — का जावेचं मूल शाळेत गेलं की? हसताय काय! पुढच्या रांगेतल्या ताई, तुम्ही तर मुळीच हसू नका!

तर एक होती कुमुदिनी. नवरा सदानंद, लेक ओवी — अडीच वर्षांची. आणि जाऊ शरयू! शरयूचा नचिकेत अडीच वर्षांचा असताना बालवाडीत बसला, आणि ही गोष्ट शरयू हळदीकुंकवाला सांगे, डोहाळजेवणाला सांगे, परक्याच्या बारशालाही सांगे! कुमुदिनी सगळं मनात टिपून ठेवी. कुणाला दात कधी आले, कोण किती कविता म्हणतं — अहो, आपली ही वही कधी भरते का? शेवटी भर हळदीकुंकवात ती बोलून गेली, "या जूनला आमची ओवीही जाणार!"

सदानंद म्हणाला, "अगं, ती अजून तुझा पदर धरून झोपते."

"मग? शाळेत काय झोपायला पाठवतेय?"

आता बालवाडीच्या पाटणकरबाई जुन्या वळणाच्या. जन्मदाखल्यावर विश्वास नाही! उजवा हात डोक्यावरून न्यायचा, डावा कान धरायचा. धरता आला — या. नाही आला — पुढच्या वर्षी.

कुमुदिनीनं घरी करून पाहिलं. हात दोन बोटं कमी! झालं — रोज आंघोळीआधी तालीम. "मान कलती कर... खांदा उचल... अस्सं!" विसाव्या दिवशी कान हाती आला. वर कुमुदिनीनं दटावलं, "सोडायचा नाही हं! सोडलास तर आई निघून जाईल!"

बोलली, आणि विसरली. मंडळी, आपण विसरतो. पोरं विसरत नाहीत!

शाळेचा दिवस उजाडला. ओवीनं मान वाकडी केली, खांदा उचलला, कान धरला! बाईंनी चष्म्यावरून आधी त्या मानेकडे पाहिलं, मग आईकडे.

"पोचला खरा. तासभर बसू दे. तुम्ही बाहेर थांबा."

"लगेच?"

"मग पोचवलात कशाला?"

कुमुदिनी खिडकीशी उभी. आत एक पोरगं गडाबडा लोळतंय, दुसरं तिसऱ्याची वेणी ओढतंय. ओवी मात्र गप्प. उभी — कान धरून!

"झालं गं बाळ, बस," बाई म्हणाल्या. ती बसेना. पायाशी चेंडू आला. डोळे चेंडूमागे गेले, हात जागचा हलेना. खाऊ आला, बघितलाही नाही. कोपर थरथरायला लागलं... पेटीवाले, थांबा जरा. सूर नको इथं.

तेवढ्यात शेजारी शरयू! नचिकेतला उशिरानं सोडायला आलेली. आत डोकावली नि म्हणाली, "अगंबाई, किती शहाणी गं तुझी! आमचा तर महिनाभर रडत होता!"

वर्षभर ज्या शब्दांसाठी जीव टाकला, ते शब्द आले! आता नुसतं तोंड मिटून उभं राहायचं. अर्धाच तास उरलाय. कुणाला कळणार आहे?

पण आईला कळलं होतं. ती आत धावली.

"सोड राणी, सोड हात."

"नाई! तू जाशील."

एकेक बोट सोडवावं लागलं, मंडळी. कान लालभडक! आणि मग ओवी रडली — अशी रडली, की लोळणारं पोरगंही उठून बघत बसलं.

बाई हळूच म्हणाल्या, "दिवाळीनंतर बघू. तोवर दोघी येत जा, पायरीवर बसा. आवडलं तर तीच आत येईल."

बाहेर शरयूनं विचारलंच, "काय गं? घेतलं नाही?"

"घेतलं होतं. मीच नेतेय परत. लहान आहे अजून."

जावेसमोर हे वाक्य! निर्जळी एकादशी सोपी हो त्यापेक्षा!

आता तुमच्याकडे वळतो. कामावर जाणाऱ्या माउल्यांनो, मान खाली घालू नका. पोटासाठी लवकर सोडावं लागतं, त्यात पाप नाही. पण पोराला खरं सांगून जा — आणि सांगितलेल्या वेळेला या! बाकीच्यांनो, फॉर्मवर मुलाचं वय लिहायला जागा असते. घाई कुणाची, हे लिहायला नसते. ते मला सांगू नका. गाभाऱ्यात जो उभा आहे, त्याच्या डोळ्याला डोळा देऊन सांगा — सांगता येत असेल तर! — आणि मग उचला टाळ!